अडगळीला आला भाव!

'आई, या रविवारी काही ठरवू नकोस हं. आपण फ्ली मार्केटला जायचंय,' लेकीने फर्मान सोडलं आणि मी कपाळाला हात लावला. नोकरदार बायकांना निदान रविवार तरी असतो. आम्हा घरी असणाऱ्यांचा रविवार म्हणजे इतरांच्या सुटीचा दिवस! त्यातून 'फ्ली' म्हणजे पिसू, एवढं बी.ए.च्या इंग्रजीने शिकवलेलं. सुटीच्या दिवशी पिसवांच्या बाजारात कशाला तडमडायचं? पण मलाही तिकडे जायचं एक कारण होतंच. मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या बचत गटाला त्याच बाजारात पहिल्यांदा स्टॉल मिळाला होता. बायका सकाळपासून गोधड्यांची गाठोडी घेऊन पोचल्या होत्या. म्हटलं, चला, एका दगडात दोन पक्षी!

पुण्यातल्या एका मोठ्या लॉनवर हा बाजार भरला होता. बाजार असला तरी आत जायला तिकीट, माणशी २०० रुपये. मनगटाला कागदी पट्टी बांधली तेव्हा मला उगाच दवाखान्यात दाखल झाल्यासारखं वाटलं. आत मात्र खरोखर जत्रा होती. झाडांना दिव्यांच्या माळा, एका कोपऱ्यात गिटार वाजवणारी मुलं, गवतावर पसरलेल्या गाद्या आणि दोन्ही बाजूंना स्टॉलच स्टॉल. हातमागाचे दुपट्टे, टेराकोटाचे दागिने, जुन्या साड्यांच्या पर्सेस, सिनेमाची जुनी पोस्टर्स, तबकड्या, टंकलेखन यंत्रं, कंदील, चिनी मातीच्या बरण्या... खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. तुळशीबागेत वाढलेला जीव आहे. बाजार म्हटलं की आपले पाय आपोआप चालू लागतात, नाही का?

आणि मग आला 'अँटिक'चा स्टॉल. तिथे मी जी थबकले ती हलेचना.

मैत्रिणींनो, तुम्हीही थबकला असतात. कारण त्या स्टॉलवर आपलं माजघर आणि न्हाणीघर मांडलं होतं! पाट भिंतीवर टांगले होते. जात्यावर काच ठेवून त्याचं टेबल केलं होतं. खलबत्त्यात पेनं उभी होती. घंगाळात गुलाबाच्या पाकळ्या तरंगत होत्या. शेवयांचा पाट, पुरणयंत्र, अडकित्ता, पानाचा डबा, शेर-पायलीची मापं, सगळ्याला छोटी छोटी लेबलं. आणि मधोमध, राजासारखा, तांब्याचा बंब. त्याच्या मधल्या नळकांड्यात, जिथे आम्ही लहानपणी पहाटे कुडकुडत बंबफोड सरकवायचो, तिथून शोभेची सुकलेली गवतं डोकावत होती. लेबलावर किंमत होती २८,००० रुपये.

'आई, हे काय आहे?' लेकीने विचारलं. मी तिला समजावलं, इथे जाळ घालायचा, बाहेरच्या भांड्यात पाणी, वरून गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर येतं. 'म्हणजे गीझर!' ती म्हणाली. 'हो, पण राख मला काढायला लागायची,' मी म्हटलं. स्टॉलवरचा मुलगा हसला. 'काकू, ही स्टोरी तुम्ही इथे उभं राहून सगळ्यांना सांगा ना, पटकन विकला जाईल!'

खाली एक पितळी डबा होता, कडीचा, चांगला पाच-सहा किलोचा. सवयीने मी तो उलटा-सुलटा करून पाहिला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती ना, तसं कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. 'सौ.' एवढं स्पष्ट. पुढचं नाव मात्र चिंच आणि राखेने घासून घासून गुळगुळीत झालेलं. मग शेवटी '१९५२'. मी म्हटलं, 'अरे, हे तर कुणाच्या तरी लग्नातलं दिसतंय.' तो म्हणाला, 'हो काकू, म्हणून तर साडेचार हजार. नाव असलं की ऑथेंटिक वाटतं. प्लेन पीस तीन हजाराला आहे बघा.'

म्हणजे नावाचे दीड हजार! आणि नाव तर वाचताही येत नव्हतं.

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. २००६ साली आम्ही स्वयंपाकघर नवं केलं. ट्रॉल्या, ग्रॅनाइटचा ओटा, हवेशीर चिमणी, सगळं हवं होतं. अडचण होती ती माळ्यावरच्या पितळी भांड्यांची. सासूबाईंचे डबे, दोन पिंपं, कळशी, परात, तपेली. काळी पडलेली, पोचे आलेली. मी म्हटलं, 'आई, आता कोण घासणार हे? कल्हईवालाही येत नाही.' त्या काही बोलल्या नाहीत. मोडीच्या भावात सगळं गेलं, त्यातून स्टीलच्या डब्यांचा चकचकीत सेट आला. भांडी तराजूत पडत होती तेव्हा सासूबाई एकेका भांड्यावरचं नाव बोटाने चाचपत होत्या. शेवटी एक गडू त्यांनी बाजूला काढला आणि म्हणाल्या, 'एवढा राहू दे गं. माझ्या आईने दिलेला आहे.' मोडवाल्याला नावाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त वजन कळत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही तेवढंच कळत होतं.

त्या डब्यापाशी उभी असताना मला ते आठवलं आणि वाटलं, जी भांडी आपण मोडीत घालतो ती इथे येऊन बसतात आणि वीस वर्षांनी आपणच तिकीट काढून ती बघायला येतो. मधल्या मध्ये त्यातली बाई तेवढी नाहीशी होते.

घरी येऊन मी या 'फ्ली' शब्दाचा माग काढला. हा शब्द पॅरिसहून आलेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या चिंध्या आणि कचरा वेचणाऱ्या माणसांना शहराबाहेर जावं लागलं आणि वेशीबाहेर सँ-तुआँ भागात त्यांनी वेचलेल्या वस्तूंचा बाजार मांडला. जुन्या गाद्या-कपड्यांत पिसवा असणार, म्हणून तो पिसवांचा बाजार. म्हणजे आज ज्या नावाला एवढी ऐट आहे, ते मुळात कचरावेचकांना हिणवण्यासाठीचं नाव!

आपल्याकडे हे काम कोण करतं? बोहारीण आठवते का? डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीवर जुन्या कपड्यांचं गाठोडं. दुपारी बायका तिच्याशी एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करायच्या, 'ही साडी नवीच आहे गं, दोनदाच नेसलेय,' असं म्हणत. तिने गोळा केलेले कपडे धुऊन, सांधून कुणाच्या तरी अंगावर जायचे. आणि कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका! पुण्यात १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली तेव्हा कुठे या बायकांना ओळखपत्र आणि 'कामगार' म्हणून मान मिळायला सुरुवात झाली. आजच्या भाषेत 'रीसायकल', 'अपसायकल', 'सस्टेनेबल' हे जे शब्द स्टॉलच्या पाट्यांवर झळकतात, ते काम या बायकांनी हे शब्द इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून केलेलं आहे. त्यांना मात्र त्या लॉनच्या दारातसुद्धा कुणी उभं करणार नाही.

असो. वळूया आमच्या गोधड्यांकडे.

आमच्या गटाचा स्टॉल शेवटच्या कोपऱ्यात, जनरेटरच्या बाजूला. दोन दिवसांचं भाडं ६,००० रुपये. गटाच्या शिल्लकीतून काढलेलं. अकरा गोधड्या होत्या. गोधडी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मऊ झालेल्या सुती साड्यांचे थर, वर रंगीत तुकडे आणि त्यावर बोटभर अंतराने हाताने घातलेला धावदोरा. एक गोधडी व्हायला आमच्या मावशींना, रोज चार तास बसलं तर, पंधरा दिवस लागतात. म्हणजे साठ तास. किंमत ठेवली होती २,८०० रुपये. दुपारी एक बाई आल्या. चांगल्या घरच्या, बोलायलाही गोड. गोधडी अंगावर घेऊन पाहिली, फोटो काढला, 'किती क्यूट!' म्हणाल्या. हातात त्याच अँटिक स्टॉलची कागदी पिशवी. आणि मग म्हणाल्या, 'पण मावशी, जुन्याच साड्या आहेत ना या? बाराशेला देताय का?'

मी पुढे होऊन काही बोलणार तोवर मावशींनी १,५०० ला गोधडी देऊनसुद्धा टाकली. मी रागावले तर म्हणाल्या, 'ताई, सगळी घरी न्यायला लागली तर रिक्षाचं भाडं पण आपलंच की!' त्या रात्री मी हिशोब मांडला. दोरा, अस्तर आणि वरच्या कापडाचे ५०० वजा केले तर उरले १,००० रुपये. भागिले साठ तास. तासाला पुरते सतरा रुपयेसुद्धा नाहीत, आणि यात स्टॉलचं भाडं धरलेलंच नाही. त्याच लॉनवर माझ्या लेकीने प्यायलेली कॉफी २२० रुपयांची होती. तिथे कुणी म्हटलं नाही, 'दूध-पाणीच तर आहे, शंभरला दे!'

आता या बाईंना मी नावं ठेवायला बसलेली नाही. प्रश्न असा आहे की, ज्या वस्तूवर लेबल आहे, इंग्रजी पाटी आहे, जिच्यामागे हसरा मुलगा कार्ड मशीन घेऊन उभा आहे, तिथे आपली घासाघीस गप्प का बसते? आणि जिथे बनवणारी बाई स्वतः समोर बसलेली असते तिथेच ती का उफाळून येते? मला याचं उत्तर असं वाटतं की, जुन्या डब्यामागची बाई आता उरलेली नाही, म्हणून तिची 'स्टोरी' झाली. स्टोरीला आपण पैसे देतो. जिवंत बाईला मात्र आपल्यासारखेच हात आहेत, ती करते ते काम आपल्या आईनेही फुकट केलं होतं, म्हणून त्या कामाला भाव द्यायला आपलं मन तयार होत नाही. घरातलं बाईचं काम बिनमोल, ही सवय आपण बाजारातही बरोबर घेऊन जातो.

त्याच बाजारात वारली चित्रांचे कप होते, पिशव्या होत्या, मोबाइलची कव्हरं होती. सगळं यंत्रावर छापलेलं. ही चित्रं मुळात काढायच्या त्या वारली बायका. लग्नघरी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी लग्नचौक लिहायचा, अशी रीत. पुढे जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून ही चित्रं कागदावर आली, जगभर गेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ते योग्यच झालं. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण स्टॉलवरच्या मुलीला 'हे कुणी काढलं?' विचारलं तर ती म्हणाली, 'मॅम, डिझाइन नेटवर मिळतं.' काय बोलणार?

लेकीला मात्र तांब्याचं काहीतरी घ्यायचंच होतं. स्टॉलवरचा तांब्या २,६०० चा. मी म्हटलं, 'थांब, पुढच्या शनिवारी तुला एक ठिकाण दाखवते.' आणि तिला घेऊन गेले कसब्यात, तांबट आळीत. पुण्यात जन्म काढलेल्या माझ्या लेकीने ती आळी पाहिलेली नव्हती, आणि खरं तर मीही कित्येक वर्षांत फिरकले नव्हते. पेशवाईपासून इथे तांबट मंडळी आहेत. एके काळी आळीत शिरायच्या आधी ठोक्यांचा आवाज यायचा म्हणे. आता तुरळक येतो. स्टेनलेस स्टील आलं, ॲल्युमिनियम आलं, गॅसचे गीझर आले आणि पुण्याचा तो प्रसिद्ध बंब मागणारं कुणी राहिलं नाही.

एका दारात साठीच्या पुढचे एक काका खाली बसून हातोडीने तांब्याला मठार देत होते. मठार म्हणजे ते गोल गोल चमकदार ठोके. लेकीला वाटलं ती नक्षी. काका म्हणाले, 'नक्षी दिसते खरी, पण त्यानं पत्रा घट्ट होतो. पातळ पत्र्याला जोर येतो.' एकेक ठोका आधीच्याला चिकटून, पण त्यावर न चढता पडायला हवा. हात जरा चुकला की ओळ बिघडली. लेक खाली उकिडवी बसून बघत राहिली. मी विचारलं, 'बंब करता का अजून?' 'क्वचित. तेही फार्महाउसवाले मागतात, कोपऱ्यात ठेवायला.'

तांब्या आवडला. त्यांनी तो तराजूत टाकला, मजुरी मिळवली, आकडा सांगितला. आणि माझ्या तोंडून, बघा हं, अगदी सवयीने निघून गेलं, 'काहीतरी कमी करा की!' लेकीने माझ्याकडे असं काही पाहिलं की काय सांगू. आठवडाभर मी तिला गोधडीच्या हिशोबाचं व्याख्यान देत होते! काका शांतपणे म्हणाले, 'वहिनी, तांबं वजनावर येतं. त्याचा भाव काही माझ्या हातात नाही. कमी करायचं म्हटलं तर ते माझ्या हातोडीतनंच कमी होणार.'

इतकं सोपं, आणि इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हाताने बनवलेल्या कुठल्याही वस्तूत माल आणि मजुरी अशा दोनच गोष्टी असतात. मालाचा भाव बाजार ठरवतो. म्हणजे आपण जे 'कमी करा' म्हणतो ते नेहमी मजुरीच कमी करा, असंच असतं. मी मुकाट्याने पूर्ण पैसे दिले.

यावर माझी एक मैत्रीण म्हणाली, 'अगं, पण या बाजारांमुळे जुन्या वस्तू वाचतात तरी! नाहीतर भट्टीत गेल्या असत्या.' तिचं म्हणणं मला नाकारायचं नाही. पुण्यातल्या बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेलच. चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर हेच तर केलं. दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, खिसण्या, पुरणयंत्रं, कुंकवाचे करंडे. लोकांना जी अडगळ वाटली ती त्यांनी गावोगाव फिरून गोळा केली. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपणारे पुष्कळ असतात, पण बाईच्या हातातली खिसणीही इतिहास आहे, हे त्यांना दिसलं. जपणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त जपणं वेगळं आणि मिरवणं वेगळं, एवढंच माझं म्हणणं. घंगाळ घरी आणून त्यात पाकळ्या टाकायला हरकत नाही, पण ते कशाला वापरायचे आणि कोण घासायचं, एवढं तरी मुलांना सांगावं की नाही?

तुम्ही अशा बाजारांत जाणारच, जावंही. मीही पुन्हा जाणार आहे. तेव्हा जाता जाता काही अनुभवाचे बोल. अँटिक म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं 'अँटिक फिनिश' असतं, म्हणजे रसायन लावून काळवंडलेला नवा माल. सगळीकडून सारखाच काळा दिसला की शंका घ्यावी. खऱ्या जुन्या भांड्याची झीज तळाला आणि कडीच्या जागी जास्त असते, आतून कल्हईच्या खुणा दिसतात, जोडकाम कळतं. पर्समध्ये एक लहान लोहचुंबक ठेवा. पितळ किंवा तांबं त्याला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा! जुन्या भांड्यात काही शिजवायचं किंवा ठेवायचं असेल तर आधी चांगल्या कथिलाची कल्हई करून घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत-तांब्यात ताक, चिंच, टोमॅटो असं आंबट अजिबात नको. शोभेच्या वस्तूंवर चकाकी टिकावी म्हणून लाख किंवा वार्निश मारलेलं असतं, ती भांडी खाण्यापिण्याला वापरायची नाहीत.

आणि एक महत्त्वाचं. जुनी मूर्ती, देवळातला दिवा, देव्हाऱ्यातला टाक, जुनी पोथी दिसली की भुलू नका. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, तो १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांवरच्या कलावस्तू, पंचाहत्तर वर्षांवरची हस्तलिखितं हे पुरावशेष ठरतात. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो, काही वस्तूंची नोंदणी करावी लागते आणि कुणाही खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाहीत. विकणारा एका दमात 'दीडशे वर्षं जुनं आहे' म्हणतो आणि पावती मागितली की 'अहो, तसं जुनं नाही' म्हणतो, तेव्हा काय ते समजून जा. कुठल्या तरी गावाच्या देवळातला देव आपल्या दिवाणखान्यात यायला नको.

सगळ्यात आधी मात्र आपापल्या माळ्यावर चढून बघा. दुसऱ्याच्या आजीचा डबा साडेचार हजाराला घेण्याआधी स्वतःच्या आजीचा शिल्लक आहे का, ते तपासा. असेल तर खाली उतरवा, घासा, वापरा. आणि ज्या स्टॉलवर बनवणारा किंवा बनवणारी स्वतः बसलेली असेल तिथे 'कमी करा' ऐवजी 'किती दिवस लागले?' हे विचारून पाहा. उत्तर ऐकल्यावर पुढचं वाक्य आपोआप बदलतं. आमच्या गटाने आता प्रत्येक गोधडीला एक चिठ्ठी शिवायला सुरुवात केली आहे. शिवणारीचं नाव आणि लागलेले तास. मावशींना आधी लाज वाटत होती. 'माझं नाव कशाला, ताई? लोक हसतील.' पुढच्या वेळी आम्ही किंमत उतरवायची नाही, असंही ठरवलंय. बघू किती टिकतंय ते!

तांबट आळीतून निघताना काकांनी रीतीप्रमाणे विचारलं, 'नाव घालून देऊ का?' मी लेकीचं नाव सांगणार होते. तर तीच म्हणाली, 'काका, तुमचं घाला ना!' ते एकदम हसायला लागले. 'आमचं? देणाऱ्याचं घालतात, घेणाऱ्याचं घालतात. करणाऱ्याचं कधी कुणी घातलंय का?' पण तिने हट्ट सोडला नाही. शेवटी त्यांनी तळाला, दिसेल न दिसेल असं, बारीक ठिपक्यांनी आपलं नाव आणि साल घातलं.

तो तांब्या आता आमच्या ओट्यावर असतो, सासूबाईंच्या गडूशेजारी. मी दोन्ही घासते, पण गडूवरचं नाव जिथे आहे तिथे हात जरा हलकाच चालवते.